पत्रिकेची कोरी बाजू

लग्नाची पत्रिका हातात आली की लोक आधी तारीख बघतात, मग जेवण कुठल्या हॉलवर आहे ते. मी पत्रिका उलटी करते. मागची बाजू कोरी असली तर अंगठ्यानं चोळून कागदाची जाडी अजमावते. परवा समोरच्या वहिनी भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या देखत मी हे केलं. त्या बघतच राहिल्या. आईनं आतून सांभाळून घेतलं, म्हणाली, तिचं सोडा, तिला पत्रिका जमवायचं वेड आहे. पोरीला पुन्हा लग्नाची हौस आली, अशी वहिनींनी समजूत करून घेतली असणार. जाताना मला कुंकू जरा जास्तच मायेनं लावलं.

त्या पत्रिकेनं यंदाचा हंगाम सुरू झाला. आता पेणमधल्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातील, त्यांवर पोह्याचे पापड पडतील आणि गल्लीत शिरलं की हिंगाचा आणि मिरचीचा वास येईल. इतरांना या वासानं भूक लागते. माझे पाय एका जागी ठरत नाहीत. ताटावरून मध्येच उठते. गच्चीवर जाते आणि कशाला आले होते ते आठवत नाही. रविवारी कपाट आवरायला काढते आणि अर्ध्यावर सोडून देते. आई म्हणते, पंखा लावून बस जरा. पंख्यानं जाणारं हे नव्हे, हे तिलाही ठाऊक आहे.

रोहा सोडलं त्या वर्षी मी पापडांना आले होते. म्हणजे गल्लीत सगळ्यांनी तसं मानलं. वैशाखात सासुरवाशीण माहेरी आली तर आमच्याकडे कुणी कारण विचारत नाही, कारण दारातच तयार असतं. "पापडांना आलीस?" बस, एवढंच. मी हो म्हणायचे. रोह्याहून येताना माझ्याजवळ जी बॅग होती तिच्यात हिवाळ्याची शालसुद्धा होती. पापड लाटायला शाल कोण आणतं? आईनं बॅग उचलून आत ठेवली तेव्हा तिला वजन कळलं असेलच. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेजारणींना ती सांगायची, पापड झाले की जाईल. दुपारी सांगायची, संध्याकाळी सांगायची. मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची.

रोह्याची माणसं वाईट होती असं मला कुणापुढे म्हणता आलं नाही, हीच तर अडचण. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, जेवायला वेळेवर. मी धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होते. रसायनशास्त्र शिकलेली, कामात वाकबगार, शिफ्ट संपल्यावर कुंडलिकेच्या पुलावर वारा खात घरी येणारी. एके दिवशी गेटवर सांगितलं, मॅडम, तुमचा राजीनामा मंजूर झालाय. मी राजीनामा दिलाच नव्हता. तो माझ्या सासऱ्यांनी दिला होता. मोठ्या साहेबांशी त्यांची जुनी ओळख, सूनबाईला आता जमणार नाही म्हणाले आणि साहेबांनी मान डोलावली. संध्याकाळी मी घरात विचारलं तर सासरे म्हणाले, घरात येणंजाणं असतं, शिफ्टचं बरं दिसत नाही. नवरा टीव्ही बघत होता. बाबांनी विचार करूनच केलं असेल, एवढं बोलून त्यानं आवाज वाढवला.

आईला मी वेगळं सांगितलं होतं. काम झेपेना म्हणून सोडलं, असं. खरं सांगायची लाज वाटली मला. लाज त्यांना वाटायला हवी होती, पण ती माझ्याच वाट्याला आली, आणि त्या गोष्टीचा राग मला आजही येतो. भाजी चिरताना येतो, गाडीत खिडकीशी बसल्यावर येतो.

पापडांना आले आणि दोन-चार दिवसांत ज्योतीचा फोन आला. ज्योती माझी लॅबमधली मैत्रीण, तिनंही ती कंपनी सोडून धाटावच्याच दुसऱ्या कंपनीत काम धरलं होतं. तिथे चीनहून मशिनरी येणार होती आणि ती उभी करायला तिकडचे इंजिनियर. केमिस्ट्री कळणारी आणि त्यांच्याशी कामापुरतं बोलू शकणारी बाई मिळाली तर साहेबांना हवी होती. ज्योती म्हणाली, फार नको, थोडं जरी आलं तरी घेतील, पावसाळ्याच्या तोंडाला बोलावतील. फोन ठेवला आणि मी गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला लागले. पापड संपले की मला न्यायला रोह्याहून माणूस येणार होता. त्याच्या आत मला एक परकी भाषा यायला हवी होती. यापेक्षा सोपा हिशेब माझ्या आयुष्यात कधी नव्हता आणि यापेक्षा वेडाही.

ठाण्याच्या एक बाई फोनवर शिकवणी घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, तुला एक चिनी नाव ठेवू का, वर्गात सगळ्यांना ठेवते. मी नको म्हटलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नाव एकदा बदलून झालं होतं. पेणला मी सुनीता, रोह्याला मी स्वानंदी. बाई म्हणाल्या, बरं, नको तर नको. त्यांनी आधी विचारलं आणि मग माझं ऐकलं, याचंच मला कितीतरी वेळ अप्रूप वाटत राहिलं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. शब्दांची कार्डं स्वतःच्या हातानं करायची, विकतची नाही. एका बाजूला चिनी अक्षर, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. हातानं लिहिलं की डोक्यात बसतं. मी बाजारातून कार्डशीट आणलं. खाडीवरच्या दमट हवेत ते लगेच मऊ पडलं आणि स्केचपेनची शाई फुटली. पाण्याचं अक्षर काढलं तर ते खरंच पाण्यात पडल्यासारखं दिसायला लागलं. मी चिडून ते सगळं गोळा करून फेकलं. तेव्हा आईनं शोकेसचा खालचा खण उघडला. त्यात लोकांच्या लग्नपत्रिका. किती वर्षांच्या, देव जाणे. कागद गुळगुळीत, जाड, मागून कोरा.

आमच्या घरात पत्रिका टाकत नाहीत, कारण तिच्यावर गणपती असतो. ज्या गावात पावलापावलावर गणपतीचे कारखाने, जिथे वर्षभर रंगाच्या वासात मूर्तींच्या रांगा उभ्या, तिथे कागदावरचा इवलासा गणपती कचऱ्यात टाकायला कुणाचा हात धजत नाही. तेव्हा आईनं नियम घातला. आधी गणपती कापून काढायचा, मग कुलदैवताची ओळ, आणि ते एका डब्यात ठेवायचं, भाद्रपदात विसर्जनाला. उरेल ते तुझं. मी कापायचे, आई गणपती वेचून डब्यात ठेवायची. दोघींना काही न बोलता एकत्र बसायला ते काम बरं होतं.

मागच्या बाजूला अक्षर यायचं, पण अर्थ लिहायचा कुठे? पुढची बाजू तर छापलेली. मग मी छपाईच्या फटीत अर्थ लिहायला लागले. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या ओळीखाली 'दरवाजा'. 'आपल्या उपस्थितीची विनम्र अपेक्षा' याच्या शेजारी 'लोखंड'. कुणाच्या मामाच्या नावावर 'झडप', कुणाच्या मुहूर्तावर 'गळती'. ज्योतीनं कामाचे शब्द सांगितले होते, तेच आधी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांचं जुनं पंचिंग मशीन काढून दिलं. ते शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं, बघू. मी चिनी शिकतेय सांगितल्यावरही बघूच म्हणाले, पण प्रत्येक कार्डाला भोक मात्र स्वतः पाडून द्यायचे. त्यातून लोकर ओवली की झाली माळ. पापड राखायला गच्चीवर बसलं की एका हातात कावळे हाकायची काठी, दुसऱ्या हातात माळ. लांबून बघणाऱ्याला वाटायचं मुलगी जप करते.

माझी परीक्षा घ्यायची मंदामावशी. ती रामवाडीकडून पापड लाटायला यायची, दरसाल. अंगानं बारीक, बोलायला चुरचुरीत. पोळपाटासमोर बसलेली असतानाच डाव्या हातानं एक कार्ड उचलायची आणि माझ्यापुढे धरायची. चिनी अक्षर तिला येत नव्हतं, पण मागचं मराठी ती अडखळत वाचायची, त्यामुळे मी खोटं बोलू शकत नव्हते. चहाला ते लोक जवळपास 'चा'च म्हणतात हे कळल्यावर तिला माझी कीव आली. म्हणाली, "ह्यो तर आपलाच शब्द हाय गो. याला कागद कशाला फुकट घालवतेस?" घेणं आणि विकणं हे दोन शब्द त्या भाषेत आवाजाला सारखे, फक्त एक खाली जाऊन वर येतो आणि दुसरा सरळ खाली पडतो, हे मी सांगितलं तेव्हा ती लाटणं थांबवून विचारात पडली. मग म्हणाली, बाजारात तसंच असतं, घेणाऱ्याचा आवाज वरच जातो. त्यानंतर मी त्या दोन शब्दांत कधी चुकले नाही.

मंदामावशीच्या हाताला तेल असायचं. तेलाचा डाग पडला की कार्ड तिथं पारदर्शक व्हायचं आणि मागची छपाई पुढे दिसायची. 'पाणी' बघायला जावं तर पाण्याच्या आत कुणाचे तरी आजीआजोबा. आधी मी वैतागले, मग मला तेच बरं वाटू लागलं. कुठलं अक्षर कुणाच्या लग्नावर आहे ते लक्षात राहायचं आणि त्यावरून शब्द आठवायचा. आजही मला 'तापमान' म्हटलं की नागोठण्याच्या मावसबहिणीचं लग्न आठवतं, तिथे मठ्ठा संपला होता.

एक अक्षर मात्र डोक्यात बसेना. वर छप्पर, खाली बाई, आणि अर्थ काय, तर शांतता. शिकवणीच्या बाईंनी मोठ्या कौतुकानं समजावलं, घरात बाई असली की सगळं शांत, अशी त्यामागे कल्पना. मला ते अक्षर बघितलं की टाळू तापायची. कुणाची शांतता ते लिहायला कार्डावर जागा नव्हती. मंदामावशीला दाखवलं तर तिनं निरखून बघितलं आणि म्हणाली, "बाई उभी हाय का बसलेली?" मी म्हटलं, माहीत नाही. "बसलेली असंल तर ठीक हाय. आमाला बसाया कुठं मिलतंय."

शोकेसमधल्या पत्रिका संपत आल्या. ज्या उरल्या त्या पातळ, मागचं सगळं पुढे दिसणाऱ्या. तेव्हा मला माळ्यावरचा गठ्ठा आठवला. लग्नघरात पत्रिका नेहमी जास्तच छापतात, ऐन वेळी कमी पडल्या तर माणसं दुखावतात म्हणून. माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर होत्या. हस्तिदंती रंग, बोटाला जाणवेल असा जाड कागद, अण्णांनी हौसेनं निवडलेला. मी स्टुलावर चढले आणि पिशवीला हात घातला.

"त्याला कात्री नाय लावायची," आई खालून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी म्हटलं, नुसत्याच पडल्यात. ती म्हणाली, पडू देत. लोकांच्या पत्रिकांची लग्नं लागून गेली, त्या कापल्या तर काही बिघडत नाही. तुझं अजून चालू आहे. मी स्टुलावर तशीच उभी. खाली माझी आई, दोन्ही हातांना पीठ, मान वर केलेली. तिच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, नुसती भीती होती. मी पिशवी जागेवर सरकवली आणि उतरले. त्या दिवशी मी पापड वाकडे लाटले.

आता मी रोज सकाळी पेणहून गाडीनं रोह्याला जाते. गाडी कासू स्टेशनच्या पुढे गेली की खिडकीतून मोकळी शेतं दिसतात आणि मला उगाच वाटतं, उतरावं आणि चालत सुटावं. रोहा स्टेशनवरून धाटावची रिक्षा त्या घराच्या रस्त्यावरूनच जाते. सुरुवातीला मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे. हल्ली बघते. गॅलरीत कधी टॉवेल वाळत असतो, कधी सासूबाई तुळशीला पाणी घालत असतात. घटस्फोटाचे कागद अजून पुरे झालेले नाहीत, अलिबागला कोर्टात तारखा पडतात, आम्ही जातो, येतो. कंपनीत चिनी मशीनच्या अंगावर जागोजागी पिवळ्या पट्ट्या आहेत आणि त्यांवर तेच अक्षर, छप्पर आणि बाई. पुढे आणखी एक अक्षर जोडलं की त्याचा अर्थ सुरक्षा होतो. त्याखाली मराठी पाटी मीच लिहून दिली. त्यांच्यातल्या एका वयस्कर इंजिनियरनं एकदा डब्यातला आईचा पोह्याचा पापड खाल्ला आणि हा काय पदार्थ म्हणून विचारलं. तांदूळ, तिखट, पातळ, ऊन, असे जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे मी एकापुढे एक मांडले. तो म्हणाला, कळलं. काय कळलं असेल, तोच जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्यानं अजून मागितला.

तर त्या हंगामाचा शेवट. धरमतरच्या खाडीकडून चिकट वारा सुटायला लागला, आभाळ भरून यायला लागलं आणि गच्चीवरचे पापड वाळायच्या ऐवजी मऊ पडून लवायला लागले. आईनं जाहीर केलं, हा शेवटचा घाणा. मंदामावशी तिचा पदर झटकून गेली. जाताना माझी माळ हातात घेऊन वजन केल्यासारखी हलवून बघितली, म्हणाली, बास व्हईल का एवढं? मला बास होणार नव्हतं. ज्योतीचा निरोप आला होता, पुढच्या आठवड्यात बोलावतील. कामाचे निम्मे शब्द अजून लिहायचेच होते, आणि घरात लिहायला कार्ड नव्हतं. मी वर्तमानपत्राच्या कडा कापून बघितल्या, औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे उलगडले. ताप आल्यासारखी घरभर फिरत होते.

आणि सासरे आले. एकटेच, पांढरा शर्ट, हातात आंब्यांची पेटी. अण्णांनी खुर्ची दिली. मी जमिनीवर खोक्यांच्या पुठ्ठ्यांत बसलेली, तशीच राहिले. आई पापड तळायला आत गेली. सासरे गोड बोलत होते, ते नेहमीच गोड बोलतात. हवापाणी झालं, आंब्याचं झालं. मग त्यांनी माझ्या पुठ्ठ्यांकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, कानावर आलंय, धाटावला कुठे अर्ज करणार आहेस म्हणे. मी हो म्हटलं. ते अण्णांकडे वळले, म्हणजे माझ्याशी बोलणं संपलं. म्हणाले, तिथले साहेब आपल्या ओळखीतले आहेत, मी सांगून टाकतो त्यांना, त्यांचा वेळ नको फुकट जायला. अण्णा काहीच बोलले नाहीत, बघूसुद्धा नाही. सासऱ्यांना ती संमती वाटली असावी. हसत हसत म्हणाले, "मागच्या वेळीही तसंच केलं. हिचा राजीनामा मीच तर नेऊन दिला होता. हिला त्रास नको म्हणून."

आत तेलात पुढचा पापड पडल्याचा आवाज आला नाही. गॅस बंद केल्याचा आला. मग स्टूल ओढल्याचा. मला वाटलं, आईला भोवळ आली आणि ती बसली. मी मांडीवरचे पुठ्ठे बाजूला सारू लागले. तिला हे असं, त्यांच्या तोंडून, हसण्यावारी कळायला नको होतं. बाहेर सासरे सांगत होते की दुपारची एसटी मिळाली तर वाटेतल्या भिसे खिंडीतून उजेडात पार होता येतं. आतून सावकाश, एका लयीत आवाज येऊ लागला. तो मला चांगलाच ओळखीचा होता, पण तेव्हा मला तो ओळखू आला नाही.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पापडाची ताटली होती. ती तिनं सासऱ्यांपुढे ठेवली. दुसऱ्या हातातली चवड माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. हस्तिदंती रंगाचे, जाड, कात्रीनं नीट चौकोनी कापलेले तुकडे. गणपती काढून घेतलेले. सगळ्यात वरच्या तुकड्यावर माझं अर्धं नाव होतं, पेणचं. तिच्या हातावर माळ्याची धूळ तशीच होती.

सासरे म्हणाले, "पापड झाले ना आता? मग निघू या."

"पापड झालेत," आई म्हणाली. "हिचा अभ्यास नाय झाला अजून."

आणि ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली, वरचं कार्ड उचललं, कोरी बाजू वर केली आणि माझ्यापुढे धरली. मी स्केचपेनचं टोपण काढलं.